निळ्या ठिपक्याची नाणी

प्रिय अक्का,

तुझ्या धाकट्या भावाचा वाकून नमस्कार. (वाकून म्हणजे खरोखरच वाकून. तिकीट-खिडकीवर चोवीस वर्षं बसून पाठ आता मुळात सरळ होतच नाही, त्यामुळं नमस्काराचे वेगळे कष्ट पडत नाहीत.) तुझा गुडघा काय म्हणतो? दाजींचं कानातलं यंत्र दुरुस्त होऊन आलं का? की अजून ते आपल्या सोयीचं तेवढंच ऐकतात? यंत्र बिघडण्याआधीही ते तेवढंच ऐकत होते असं तुझं म्हणणं आहे, हे मला माहीत आहे. पण मी जावयाच्या बाजूचा आहे. इकडं आम्ही ठीक. तुझी भावजयही ठीक आहे आणि तिला हे पत्र मी दाखवणार नाही. फोन करायचा सोडून पत्र का, असं तू विचारशील. फोनवर तू मधे मधे “हं, पुढं?” म्हणतेस, आणि त्या “पुढं?”पुढं मला पुढचं बोलवत नाही. कागद निदान गप्प बसतो.

तर अक्का, अत्यंत जड अंतःकरणानं कळवतो की आमच्या खिडकीवर रबराची चटई आली आहे.

हसू नकोस. हातभर लांब, वीतभर रुंद, काळी, वर बारीक नळ्यानळ्यांची नक्षी. सोबत तीन सह्यांचं पत्र. कोणा एका प्रवाशानं (एका! दिवसाला दोन हजार माणसं आमच्या फेरीबोटीनं नदी ओलांडतात, त्यातला एक!) तक्रार केली की खिडकीवर नाणी आपटल्याचा खणखणाट होतो आणि त्यामुळं डोकं उठतं. झालं. मुख्य कचेरीनं ठरवलं की प्रवाशांच्या कानांना सुख हवं. माझ्या कानांना काय हवं ते कोणी विचारलं नाही. दुपारी ऊन चढलं की ती चटई नव्या चपलांच्या दुकानासारखी वास मारते. नाणं तिच्यावर पडलं की चिकटून बसतं, नखानं उकरावं लागतं. उजव्या हाताची दोन नखं मी सेवेत असताना गमावली आहेत. त्याची नुकसानभरपाई मागणारा अर्ज केला होता. उत्तर आलं की नखं पुन्हा वाढतात.

हे सगळं मी सोसलं असतं. पण चटईखाली जी गेली, ती होती संगमरवरी लादी. माझ्या आधीच्या मास्तरांच्याही आधीपासून ती तिथं होती. तिच्यावर नाणं टाकलं की ते बोलायचं. खरं दहाचं नाणं टण्णकन वाजतं आणि आवाज थोडा वेळ टिकतो; खोटं नाणं ओल्या लाकडावर काठी आपटावी तसं ठप्प करतं. मान वर न करता, तिकीट फाडता फाडता मी नुसत्या कानानं खोटं नाणं ओळखायचो आणि बोटानं परत सरकवायचो. समोरचाही काही न बोलता दुसरं काढायचा. कोणाचा अपमान नाही, कोणाचं नुकसान नाही. चटई आली आणि खरं-खोटं दोन्ही सारखीच मुकी झाली. आणि नेमकं याच वर्षी बाजारात दहाच्या खोट्या नाण्यांचा सुळसुळाट झालाय. इतकी बेमालूम असतात की बघून मलाही कळत नाहीत. खोटी नाणी पाडणाऱ्यांनी डोळ्यांची सोय केली, कानांची कचेरीनं.

आता आमच्याकडची पद्धत सांगतो, म्हणजे पुढचं कळेल. संध्याकाळी दिवसभराची पिशवी मोजणीच्या खोलीत जाते. तिथं मोजणीबाई बसतात. त्यांच्या यंत्रात नाणी ओतली की खरी खाली पडतात आणि खोटी एका बाजूनं बाहेर येतात. मोजणीबाई ती एका बोटानं तुमच्याकडं ढकलतात, सोबत एक चिठ्ठी. चिठ्ठीवरचा आकडा पगारातून कापला जातो. पहिल्या आठवड्यात माझी अकरा निघाली. मी म्हणालो, बाई, ही चटईची नाणी आहेत, माझी नाहीत. त्या म्हणाल्या, “मास्तर, चटईला पगार नसतो.”

शेजारच्या खिडकीवर आमचा एक सहकारी बसतो. त्याला सगळे ‘सुटेनाहीत’ म्हणतात, कारण चोवीस तासांत तो तेवढा एकच शब्द बोलतो. त्यानं मला बाजूला घेऊन समजावलं. खोट्या नाण्याला आमच्यात ‘पाहुणा’ म्हणतात, हे मला तेव्हा कळलं. म्हणजे हा उद्योग माझ्याआधीपासून चालू होता आणि मीच तेवढा कानाच्या जोरावर सोवळा राहिलो होतो. पाहुणा आला तर त्याला मुक्कामाला ठेवायचं नाही, आल्या पावली पुढच्या घरी धाडायचं. म्हणजे सुटे परत देताना त्यात मिसळून द्यायचं. बस्स.

अक्का, तू सगळ्यांना सांगतेस ना, आमचा धाकटा साधाच कारकून आहे पण कोणाच्या पैला हात लावणार नाही? मागच्या वेळी तुझ्या जावेसमोर तू हे सांगितलंस तेव्हा मी मान खाली घातली होती. तुला वाटलं विनय.

मी ते काम अतिशय शिस्तीनं केलं. (मेलं वाईट कामही मला गबाळं करता येत नाही.) मोजणीबाईंनी परत ढकललेली नाणी दुसऱ्या दिवशी गल्ल्यात, डावीकडच्या कप्प्यात; तो कप्पा पाहुण्यांचा. दोनदा घोटाळा झाला आणि पाहुणे चुकून पिशवीत जाऊन मोजणीबाईंकडं पोचले, म्हणून मी प्रत्येक खोट्या नाण्याच्या कडेला निळा ठिपका द्यायला लागलो. परत आलेली तिकिटं रद्द करायची निळी पेन्सिल असते ना, माझ्या कानावर कायम असते ती, तिचा. ठिपका इतका बारीक की शोधणाऱ्यालाच दिसावा. कोणाला द्यायचं याचेही नियम केले. कडेवर मूल असलेल्या बाईला नाही. काठीवाल्याला नाही. चांगल्या बुटांना आधी. आणि वेळ? बोटीचा भोंगा झाल्यावर. भोंगा झाला की माणूस पैसे बघत नाही, बोट बघतो. चोरी करतानाही दयाळू राहायची सोय माणूस किती बारकाईनं करतो बघ. मला तर काही दिवस आपण समाजात समान वाटप करतो आहोत असंही वाटायला लागलं होतं.

तेवढ्यात मुख्य कचेरीतून एक साहेब ‘रोख पैशाचं भवितव्य’ या विषयावर भाषण द्यायला आले. प्रतीक्षागृहात आम्ही आठ जण बसलो होतो, पैकी दोन झोपलेले. साहेब म्हणाले, तीन वर्षांत नाणं फक्त काचेच्या पेटीत दिसेल. पुढची पिढी विचारेल, एवढासा धातूचा तुकडा देऊन खरंच कोणी भाजी देत होतं? भाषण मोठं झालं. शेवटी घसा कोरडा पडला म्हणून ते धक्क्यावरच्या पाण्याच्या यंत्राकडं गेले. ते यंत्र जुनं, त्याला फक्त नाणं कळतं. साहेबांच्या खिशात भवितव्याचा फोन होता आणि नाणं नव्हतं. ओशाळून त्यांनी माझ्याकडं दहाचं एक नाणं मागितलं. मी गल्ला उघडला आणि, अक्का, शपथेवर सांगतो, हात आपोआप डावीकडं गेला.

यंत्रानं ते नाणं तीनदा ओकलं. साहेबांनी यंत्राला दोन थापडा मारल्या, नाणं उजेडात धरलं, आणि त्यांचा चेहरा असा फुलला की तहान विसरले. “बघा! मी तासभर हेच सांगत होतो!” ते नाणं त्यांनी पारदर्शक पाकिटात घालून पुरावा म्हणून नेलं. महिन्याभरात हुकूम आला: या धक्क्यावरील रोकड विश्वासार्ह नाही, सबब येत्या तिमाहीपासून खिडकी बंद, जागी कार्डाचं यंत्र. मला यंत्राशेजारी उभं राहून, कुठं बोट लावायचं ते प्रवाशांना दाखवायचं आहे. म्हणजे चोवीस वर्षांची खिडकी मी स्वतःच्या डाव्या कप्प्यातल्या एका नाण्यानं बंद केली. हे दुःख मोठं आहे, आणि पंधरा दिवसांपूर्वी पत्र लिहिलं असतं तर तुला तेवढंच लिहिलं असतं. आता त्याचं काही वाटत नाही, यावरून पुढं काय आहे याचा अंदाज कर.

पलीकडच्या धक्क्यावर, जिन्याखालच्या जागेत, एक बाई बटणं विकतात. दाराएवढं टेबल, त्यावर बरण्या: शर्टाची बटणं, कोटाची, लहान मुलांची फुलाफुलांची. मागं दोरीवर चेनी टांगलेल्या. तुटलेल्या चेनी बसवून देणं हे त्यांचं मुख्य काम. आम्ही त्यांना बटणबाई म्हणतो. राहायला अलीकडं, म्हणून रोज सकाळी माझ्याच खिडकीवर: पन्नासची नोट, जाऊन-येऊन वीसचं तिकीट, परत दहाची तीन नाणी. भोंग्याच्या दहा मिनिटं आधी येतात, कधी धावत नाहीत. आणि माझ्याकडून घेतलेले पैसे त्यांनी वीस वर्षांत एकदाही मोजले नाहीत.

वर मी लिहिलं की घाईत असलेल्यांना पाहुणे द्यायचे असा माझा नियम होता. ते खोटं नाही, पण अर्धं आहे. घाई नसलेल्यांतल्या एका बाईंनाही मी देत होतो, कारण त्या बघत नव्हत्या. आणि त्या बघत नव्हत्या, कारण समोर मी होतो. हे वाक्य लिहायला मला अख्खी सकाळ लागली आहे.

तीन आठवड्यांपूर्वी बाई खिडकीशी आल्या त्या तिकीट न मागता. म्हणाल्या, “मास्तर, माझ्याकडून एक चूक झालीय, रागवू नका.” महिन्याभरात त्यांच्या डब्यात दहाची चार खोटी नाणी सापडली होती, टेबलावर टाकल्यावर ठप्प वाजणारी. गिऱ्हाइकांपैकी कोणीतरी दिली असणार. आता अधूनमधून पन्नासची नोट नसेल तर त्या मला सुटेच देतात. तर त्यांना सापडली ती चार, न सापडलेली अजून असतील, त्यातली दोन-तीन तरी नकळत माझ्याकडं आली असतील आणि माझ्या पगारातून कापली गेली असतील, असा त्यांचा हिशेब. “अंदाजानं तीन धरा,” असं म्हणून त्यांनी दहाची तीन खणखणीत नाणी चटईवर ठेवली. म्हणजे, अक्का, मी त्यांना फसवलं म्हणून त्या माझी माफी मागायला आल्या होत्या.

मी काय केलं असेल? नाही, तुला वाटतं ते नाही. मी ती घेतली. घेतल्यावर वर असंही म्हणालो की असू द्या हो, होतं कधीकधी. मोठ्या मनानं म्हणालो.

आता खरी गोष्ट. बाईंच्या शेजारीच एका शिंप्यांचं दुकान आहे. वीस वर्षांचा शेजार. त्यांच्याकडं येणाऱ्या सगळ्या चेनी ते बाईंकडं पाठवतात, बाईंची अर्धी कमाई त्यावर. बाईंनी ती चार नाणी उजेडात नीट पाहिली आणि त्यांना कडेचा निळा ठिपका दिसला. शिंपीदादा कापडावर खुणा निळ्या पेन्सिलीनं करतात. पुढचं सांगायला नकोच. बाई तोंडानं काही बोलल्या नाहीत, पण शिंपीदादांकडून आलेलं प्रत्येक नाणं त्यांच्यादेखत दोनदोनदा निरखायला लागल्या. शिंपीदादा मानी माणूस. त्यांनी चेनी बाजारात दुसरीकडं पाठवायला सुरुवात केली. मग बाई बोलल्या. मग तेही बोलले. वीस वर्षांत एकमेकांच्या डब्यातलं खाणारी माणसं, आता मधे बरण्यांची भिंत करून बसली.

आणि मंगळवारी दोघं मिळून माझ्या खिडकीवर. भांडणाचा निवाडा करायला! मास्तर नाण्यांतले जाणकार, ते सांगतील ते मान्य, एवढ्या एका गोष्टीवर दोघांचं एकमत होतं. शिंपीदादांनी ती चार नाणी माझ्यासमोर मांडली. चारही माझीच, ठिपका कडेवर, किंचित डावीकडं, माझ्या हाताचं वळण. “सांगा मास्तर, हे माझं काम आहे का?” मी नाणी उलटसुलट केली. घसा खाकरला. म्हणालो की सध्या अशा नाण्यांचा फार सुळसुळाट आहे, आणि ठिपका काय, कोणाच्याही पेन्सिलीचा असू शकतो. हे मी म्हणालो तेव्हा माझ्या उजव्या कानावर निळी पेन्सिल होती. शिंपीदादांनी एकदा माझ्या कानाकडं पाहिलं. पाहिलं असं मला वाटलं. तेवढ्यात भोंगा झाला. आयुष्यात पहिल्यांदा मला भोंग्याचे पाय धरावेसे वाटले.

बाई जाताना एवढंच म्हणाल्या, “वीस वर्षांचा माणूस, मास्तर. दहा-दहाच्या चार नाण्यांसाठी.” कोणाबद्दल म्हणाल्या, ते त्यांना वाटत होतं त्याहून मला जास्त कळलं.

असो. फार लांबलं. शेवटी मी काल सुट्टीच्या दिवशी नवा शर्ट घालून, तिकीट काढून (सुटेनाहीतनं मलाही सुटे नाहीत सांगितलं) पलीकडं गेलो, दोघांना समोर बसवून सगळं सांगितलं, पदरचे पैसे भरले, आणि मन हलकं करून परत आलो. तेव्हा तुझ्या भावाबद्दल तू लोकांना जे सांगतेस ते सांगत राहायला हरकत नाही. गुडघ्याला शेक देत जा. दाजींना नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. – पत्र पाकिटात घातलं होतं, पुन्हा काढलं. वरचा शेवटचा परिच्छेद खोटा आहे. पलीकडं गेलो इथपर्यंत खरं. नवा शर्टही खरा. बाईंच्या टेबलापर्यंत गेलो, त्या कामाशिवाय बसल्या होत्या, बरण्या पुसत. मला बघून इतक्या आनंदानं “या मास्तर!” म्हणाल्या की मी तिथल्या तिथं नव्या शर्टाचं एक बटण तोडलं आणि ते लावून घेतलं. पैसे द्यायला लागलो तर म्हणाल्या, तुमच्याकडून काय घ्यायचं! मी पुढच्या बोटीनं परत. म्हणजे त्या दिवसअखेर मी त्यांना एका बटणानंही बुडवलं.

ता. क. दुसरा – अक्का, आता खरं काम सांगतो, ज्याच्यासाठी हे पत्र लिहायला घेतलं. तुझं अक्षर वळणदार आहे, वाचणाऱ्याचा विश्वास बसतो. पलीकडच्या धक्क्यावर तुला कोणी ओळखत नाही. तर तू त्या दोघांच्या नावे एक पत्र लिहावंस: ती नाणी शिंपीदादांची नव्हेत, हे मला खात्रीनं ठाऊक आहे, कृपया वाद मिटवावा. खाली सही नको, ‘एक हितचिंतक’ एवढं पुरे. मला कशातही आणू नकोस. मजकूर तयार आहे, वेगळ्या कागदावर सोबत जोडला आहे. तुला फक्त उतरवून काढायचं आहे. तिकिटाचा खर्च मी देईन.

ता. क. तिसरा – सोबतचा कागद शोधू नकोस, फाडला. काल रात्री तो वाचून बघितला आणि तू तो उतरवून काढतेस असं चित्र डोळ्यापुढं आलं. चष्मा नाकाच्या टोकाला, एकेक शब्द लिहिताना ओठ हलताहेत, आणि ‘हितचिंतक’पाशी तू थांबली आहेस. तुला खोटं लिहायला सांगायचं म्हणजे तुलाही एक पाहुणा हातावर ठेवणंच झालं.

आज दुपारी रजा टाकून गेलो. जुन्याच शर्टात. आधी शिंपीदादांना हाक मारली, मग बाईंच्या टेबलापाशी उभं राहून, बसा म्हणाल्या तरी न बसता, सांगितलं. मी ठरवून नेलेली वाक्यं होती, त्यातलं एकही आठवलं नाही. चटईचं सांगायला लागलो तर शिंपीदादा म्हणाले, “चटई राहू द्या.” मग नुसतं मीच दिली म्हणालो. चारही मीच. आणि तुमची तीनही घेतली.

शिंपीदादा म्हणाले की त्यांनी मंगळवारी पेन्सिल बघितली होती. मग तेव्हाच का नाही बोललात, असं मी विचारलं. (विचारायचा मला काय अधिकार, पण विचारलं.) म्हणाले, “तुम्ही बोलाल म्हणून थांबलो.” आणि दुकानात गेले. थोड्या वेळानं बाहेर आले ते हातात पाच-सहा चेनी घेऊन. त्या त्यांनी बाईंच्या टेबलाच्या कोपऱ्यावर ठेवल्या. बाईंनी वळून बघितलं नाही, पण चेनी आपल्या बाजूला ओढून घेतल्या. त्या दोघांचं पुढं काय होईल ते मला माहीत नाही, आणि ते बघत उभं राहायचा मला हक्कही नव्हता.

मी चार अधिक तीन अशी दहाची सात नाणी आणि बटणाचे पैसे काढले, टेबलावर ठेवायला लागलो.

“तिथं नको,” बाई म्हणाल्या. “हातात द्या.”

दिले.